२१६३ फुटांची रेघ

पावसाळा लागला की साताऱ्याच्या वर्तमानपत्रांत कोयनेची पाणीपातळी रोज छापून येते, आणि अजूनही फुटांत येते. मीटर येऊन इतकी वर्षं झाली, पण २१६३ फूट झाले की धरण भरलं, हे पाटण-जावळीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. माझं काम जुन्या नकाशांचं, त्यामुळे या फुटांची मला भलतीच सोय होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एक इंची नकाशांवर, म्हणजे एक इंचाला एक मैल या प्रमाणाच्या शीटवर, कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, पन्नास-पन्नास फुटांनी काढलेले असत. २१५० आणि २२०० या दोन तपकिरी रेषांच्या मधून पेन्सिल फिरवत गेलं की कागदावर शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, उभा राहतो. शीटवर मात्र तिथे तलाव नाही. नदी आहे, शेती आहे, गावं आहेत.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी साठेक किलोमीटर दक्षिणेला जाते. हेळवाकला काटकोनात वळून पूर्वेकडे निघते ती थेट कऱ्हाडला, कृष्णेला भेटायला. वळणाच्या अलीकडे धरण झालं, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं, आणि उत्तरेकडची सगळी लांब, चिंचोळी दरी भरत गेली. सोळशी आणि कांदाटी या नद्यांची खोरीही पाण्याखाली आली. तापोळ्याहून लाँचने फिरणाऱ्या पर्यटकाला हे ‘मिनी काश्मीर’ वाटतं. वाटो बापडं.

हा सगळा मुलूख शीट क्रमांक ४७ जी मध्ये येतो. ४७ म्हणजे चार अंश अक्षांश-रेखांशाचा चौकोन, त्याचे सोळा तुकडे ए ते पी, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा. महाबळेश्वर ४७ जी ९ वर, त्याच्या खालच्या शीटवर वासोटा. दोन शीट कडेला कड लावून ठेवल्या की कोयना वरून खाली सलग वाहू लागते. कागद आक्रसलेला असेल तर कडेशी नदी किंचित तुटते, पण तेवढं चालतं.

जुनं शीट आजच्या उपग्रह चित्रावर बसवायचं म्हटलं की पहिला घोळ होतो तो पृथ्वीच्या आकाराचा. सर्वेक्षण विभागाने एव्हरेस्टचा १८३० सालचा गोलाभ वापरला, आपला जीपीएस वेगळा वापरतो. ही दुरुस्ती केली नाही तर या भागात सगळं शंभरेक मीटर सरकतं. ती संगणक करून देतो. पण कागद ओलाव्याने वाकडातिकडा ताणलेला असतो, म्हणून जुन्या आणि नव्या दोन्ही नकाशांवर सापडतील असे पक्के बिंदू लागतात. इतर ठिकाणी मी नदीचे संगम घेते, पूल घेते, नाक्यावरचं देऊळ घेते. इथे संगम बुडालेले, देवळंही. मग उरतात डोंगरमाथ्यावरच्या सर्वेक्षणाच्या त्रिकोणी खुणा, मकरंदगड, वासोटा, कड्यांची टोकं. म्हणजे नकाशा वरून घट्ट बसतो आणि तळाशी, जिथे माणसं होती, तिथे सैल राहतो.

म्हणून मी मे महिन्यात तिकडे जाते. पाणी खूप खाली गेलेलं असतं, भेगाळलेल्या गाळातून घरांची जोती उघडी पडतात, शेताचे बांध दिसतात. असं एखादं जोतं ओळखू आलं की त्याच्या कोपऱ्यावर जीपीएस धरून उभं राहायचं. एवढ्या एका बिंदूने सगळ्या तळाला टेकू मिळतो.

ज्याने हे जुनं शीट काढलं त्याचा हातही हळूहळू ओळखता येतो. प्लेन टेबल, ॲलिडेड, क्लिनोमीटर आणि सामान वाहणारे खलाशी, एवढ्या भांडवलावर हे नकाशे झाले. टेबल उंचावर लावायचं, दिसणाऱ्या ठळक जागांची उंची मोजायची आणि मधले कंटूर समोरचा डोंगर बघत नजरेने काढायचे. जिथे नजर पोचली तिथे रेषा बारीकसारीक वळणं घेते, प्रत्येक नाळ पकडते. जिथे रान दाट होतं तिथे ती गुळगुळीत, आज्ञाधारक होते. मला गुळगुळीत कंटूर दिसला की मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

कोयनेच्या तळात कंटूर चांगले आहेत, कारण रान मोकळं होतं. नदीच्या दोन्ही अंगांना लागवडीचा पिवळा पट्टा, अरुंद, कुठे बोटभर तर कुठे नुसती कड. त्यावर वस्तीचे लाल ठिपके. वर हिरवं जंगल, त्यात तुटक रेघांच्या पायवाटा, काही मुऱ्यांवरच्या, म्हणजे डोंगरातल्या सपाटीवरच्या वस्त्यांकडे, काही थेट घाट उतरून कोकणात. नागेश्वरावरून चोरवण्याला उतरणाऱ्यांसारख्या वाटा आजही आहेत. नदीकाठाने गावाला गाव जोडणाऱ्या बुडाल्या.

मी काढलेली २१६३ची रेघ चढावर नेमकी येते. तिथे २१५० आणि २२०० एकमेकांना जवळजवळ चिकटलेले, चुकायला जागाच नाही. सपाटीला मात्र या दोन रेषा दोन-दोन मिलिमीटर लांब जातात. नकाशावरचे दोन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सव्वाशे मीटर. पन्नासातले तेरा फूट, म्हणजे साधारण पाव अंतरावर, असं मी धरते. जमीन असा सारखा उतार पाळत नाही, एखादा बांध घातलेला असतो, एखादी ओघळ असते. पाणी नेमकं कुठे थांबलं याची शंका सर्वांत जास्त तिथेच येते जिथे भात पिकत होतं.

एकदा लाँचमध्ये माझ्या मांडीवरचा प्रिंट बघून शेजारचे आजोबा म्हणाले, “ताई, आमचं खळं दाखवा की यात.” मी त्यांना गाव दाखवलं. ते म्हणाले, गाव मला बी म्हाईत हाय. एक मिलिमीटरला त्रेसष्ट मीटर असलेल्या कागदावर खळं कुठून येणार! त्यासाठी भूमी अभिलेखातला गाव नकाशा हवा, सर्व्हे नंबर हवा. त्या नकाशात खळ्याचं शेत सापडेल, मालक सापडेल, पण उंची नाही. मी आता दोन्ही एकावर एक बसवते, आणि ते काम कंटाळवाणं आहे हे कबूल करायला हरकत नाही.

नव्या शीटवर बरीच जुनी नावं पुन्हा भेटतात, पण वर सरकून. काही लोक दूरच्या पुनर्वसनात गेले, काही चढावर घरं बांधून राहिले आणि गावाचं नाव सोबत घेऊन गेले. माझ्या प्रिंटवर मी नाव दोन्हीकडे छापते, वरच्या वस्तीवर काळ्यात आणि पाण्यात निळ्या तिरप्या अक्षरात. माझ्या एका सहकाऱ्याला हे मुळीच पटत नाही. नकाशात जे आहे तेच असावं, इतिहास टाकायचा तर वेगळं पान कर, असं त्याचं म्हणणं. मुद्दा बिनतोड आहे. तरी पुढच्या प्रिंटमध्येही मी निळी नावं ठेवणार आहे, फक्त आकार एका पॉइंटने कमी करून, कारण तापोळ्यापाशी फार गर्दी होते.