पाय मागावा लागतो

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस मी माथेरानात असतो. पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात आणि पुढे कितीतरी माणसं घोड्यावरून गावात जातात. त्यामुळे गर्दी सुरू होण्याआधी चार महिने तांबड्या चिखलात भिजलेले खूर नीट करून घ्यावे लागतात. मी नालबंद आहे. वडील आणि आजोबाही हेच काम करत.

यंदा पहिल्याच सकाळी एक तांबूस घोडी समोर आली. मालक म्हणाला, "उस्ताद, ही पाय देत नाही. दोघांनी धरायचं, ओठाला दोरीचा पीळ घालायचा, तेव्हा कुठे नाल ठोकता येतो." मी त्या दिवशी पेटी उघडलीच नाही.

घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याला शिंगं नाहीत. जे काही आहे ते चार पायांत. त्यातला एक पाय माणसाच्या हातात देणं म्हणजे पळायची वाट आपणच बंद करून घेणं. म्हणून पाय ओढून घ्यायचा नसतो, मागायचा असतो. वडिलांनी मला हातोडीच्याही आधी हे शिकवलं.

मागायची रीत आहे. घोड्याच्या खांद्याजवळ, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं. हात खांद्यावर ठेवायचा आणि न उचलता हळूहळू खाली न्यायचा, गुडघ्याच्या मागून, नळीवरून, खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत. तिथे हलका दाब द्यायचा. घोड्याने भार दुसऱ्या पायावर टाकला, खूर जरासा उचलला, की दोन श्वास धरून आपणच तो खाली ठेवायचा. हेच त्याचं बक्षीस. मागितलेला पाय परत मिळतो, एवढं त्याला कळलं की पुढचं सोपं होतं. त्याने हिसका दिला तर झटापट नको, पण त्याच क्षणी सोडायचाही नाही. हिसकल्याने सुटका होते हे तो एकदा शिकला की जन्मभर विसरत नाही. तो शांत झाला की सोडायचा. शिंगराला हे पहिल्या काही आठवड्यांपासून रोज पाच मिनिटं शिकवलं, तर मोठेपणी दोरी लागत नाही.

या घोडीने डावा पुढचा पाय दोन बोटं उचलला आणि थरथरायला लागली. खुराच्या भिंतीवर खिळ्याची एक जुनी खूण होती, शेजारच्या खुणांपेक्षा बरीच वर. कधीतरी कुणीतरी खिळा आत मारला होता. ही घोडी हट्टी नव्हती. तिला आठवत होतं.

खूर वरून लाकडासारखा दिसतो, पण बाहेरची भिंत तेवढी नखासारखी बधिर असते. आत हाड असतं, आणि हाड व भिंत एकमेकांत गुंतलेल्या पाचशे-सहाशे पापुद्र्यांनी जोडलेली असतात. चार-साडेचारशे किलोंचं जनावर या पापुद्र्यांवर तोललेलं असतं. खूर उलटा धरला की भिंतीच्या आतून एक फिकट रेघ दिसते. खिळा त्या रेघेच्या बाहेरच जायला हवा. त्याचं टोक एका बाजूने तिरकं असतं, त्यामुळे तो आत शिरताना बाहेरच्या अंगाला वळतो. उलटा धरला तर थेट जिवंत मांसात जातो. टणक भिंतीत जाणाऱ्या खिळ्याचा आवाज खणखणीत येतो. आवाज बसला की हात थांबवायचा आणि खिळा उपटून पाहायचा.

खरं काम मात्र नालाच्या आधीचं आहे. खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. पुढचं टोक लांबलं की पायाच्या मागच्या शिरांवर ताण येतो. म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी जुना नाल काढून खूर छाटावा लागतो, नाल झिजला नसला तरीही. बाजूने पाहिलं तर सांध्याखालचा उतार आणि खुराचा उतार एका रेषेत यायला हवा. ती रेषा मोडलेली असेल तर कितीही चांगला नाल ठोका, घोडा बिघडतो. तळाच्या मधोमध मऊसर त्रिकोणी पुतळी असते. पाऊल पडलं की ती आणि तिच्यावरची गादी दबते, टाच किंचित फाकते आणि रक्त वर चढायला मदत होते. म्हणून खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे खिळा मारायचा नाही आणि पुतळी सजावटीसाठी कोरायची नाही. पावसाळ्यात ओल्या लिदीत उभ्या राहणाऱ्या घोड्याची पुतळी कुजते, काळी घाण आणि दुर्गंधी येते. त्यावर पहिला उपाय म्हणजे कोरडी जागा आणि रोज खूर साफ करणं.

दुसरं संकट खुराकातून येतं. हंगामात ताकद यावी म्हणून अचानक धान्य वाढवलं, की आतले पापुद्रे सुजतात. घोडा पुढचे पाय लांब टाकून मागच्यांवर रेलून उभा राहतो, खूर गरम लागतात. अशा वेळी त्याला चालवू नका. खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि लगेच पशुवैद्यांना बोलवा. उशीर झाला तर आतलं हाड जागा सोडतं.

नालबंदाच्या कामाचं मोल जुन्या काळी ओळखलेलं होतं. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे. दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद. पाण्याच्या बरोबरीने नालबंद! आज ब्रिटनमध्ये १९७५च्या कायद्यानुसार नोंदणी झालेल्या नालबंदाशिवाय कुणाला घोड्याला नाल ठोकता येत नाही, आणि त्याआधी काही वर्षं उमेदवारी करावी लागते. आपल्याकडे लष्कराच्या मेरठच्या केंद्रात हे शिक्षण पद्धतशीर मिळतं. पण लग्नाच्या घोड्याला आणि डोंगरावरच्या तट्टाला मिळतो तो बहुधा नशिबात असलेला माणूस. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांमधून वर्षाला एक जरी वर्ग भरला, तरी या घोडीसारखी कितीतरी जनावरं वाचतील. मी शिकवायला तयार आहे.

तीन दिवस मी रोज तिच्यापाशी गेलो. चौथ्या दिवशी पुढचे दोन्ही खूर छाटून नाल ठोकले, ओठाला दोरी न लावता. मागचे पाय ती अजून नीट देत नाही. ते मी नुसते कानसून ठेवले आहेत. मालकाचा बारा वर्षांचा मुलगा आता रोज सकाळी ते मागतो, दोन श्वास धरतो आणि खाली ठेवतो.

या दिवाळीत तुम्ही माथेरानला गेलात, तर घोड्यावर चढण्याआधी त्याच्या खुराकडे पाहा. एखादा पुढचा पाय तो सारखा पुढे टाकून उभा असेल, तर बसू नका. आणि मालकाला विचारा, "हा पाय देतो का?" ज्या घोड्याचा मालक वाकून, नुसता हात लावून खूर दाखवील, त्याच्यावर निश्चिंत बसा.