बेटावरची जागा

निवृत्तीनंतर गावाकडे टुमदार घर बांधावे, अशी इच्छा पुष्कळांची असते. आमच्या साडूंना गावच नाही, सारा जन्म मुंबईत गेला. गेल्या वर्षी फंडाचे पैसे हाती आले आणि गोव्यातल्या दिवाडी बेटावर जागा घ्यायचे त्यांनी मनावर घेतले. "भावजी, तुम्ही मातीतली माणसं, बरोबर चला," असे मेहुणीने म्हटल्यावर मला जाणे भाग होते.

दिवाडी मांडवीच्या पात्रात आहे. मोटारीसाठी पूल नाही. जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून फेरीबोटीने जायचे. मध्ये टेकडी, उतारावर घरे नि माड, खाली सपाट भातखाचरे. दलालाने आम्हांला नेले ते खाली. रस्त्यालगतचा हिरवागार तुकडा, भावही वरच्यापेक्षा बराच कमी. साडूंचे डोळे लकाकले.

मी बांधाकडे पाहत होतो. ही खाजन जमीन. पूर्वजांनी बांध घालून भरतीच्या पाण्यातून सोडवलेली. बांधात 'मानस' असते, म्हणजे झडपांचे दार. ओहोटीला आतले पाणी ते ढकलून बाहेर जाते, भरतीला बाहेरच्या दाबाने ते आपोआप मिटते. ना वीज, ना पंप! आत कोरगूटसारखा खार सोसणारा भात होतो. पण मानसीपर्यंतचे चर मोकळे हवेत. मध्येच कुणी भराव घालून जोते उठवले की मागच्या खाचरांत पाणी तुंबते. बांध फुटून खारे पाणी शिरले, तर पावसाने क्षार धुऊन निघेपर्यंत पीक धड येत नाही.

"थोडा मुरूम टाकला की झालं," दलाल म्हणाला. शेजारच्या खाचरात एक म्हातारी वाकून काम करीत होती. तिने कमरेवर हात ठेवून कोकणीत विचारले, मग आमचे पाणी कुठून जायचे? दलाल गप्प. साडूही गप्प.

शिवाय गोव्यात २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यास बंदी आहे. एवढी मोठी गोष्ट त्या गृहस्थाने सांगितलीच नव्हती!

मग आम्ही वर चढलो. एका पडक्या घरालगतची चिऱ्याच्या खडकावरची जागा दिसली. सातबाऱ्याच्या जागी तिथे 'एक-चौदा'चा उतारा असतो. त्यात कुळाचे नाव आहे का ते आधी पाहिले. गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालकी सहसा सामाईक असते, म्हणून प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. विहिरीचे पाणी मे महिन्यात चाखायचे, हे मी साडूंना बजावले. चिरा, वाळू, सिमेंट, सळया सारे फेरीबोटीने येणार, हा खर्चही मांडायला लावला. मेहुणीने विचारले ते मात्र कुठल्याच उताऱ्यावर नव्हते: "रात्री ह्यांच्या छातीत दुखलं तर?" आम्ही धक्क्यावर जाऊन रात्रीच्या शेवटच्या फेरीची वेळ विचारून आलो.

त्या जागेला पाच वारस निघाले. एक भाऊ नि त्याची बायको पोर्तुगालात आहेत. त्यांच्या सह्या अजून यायच्या आहेत, आणि साडूंनी अजून इसार दिलेला नाही.