वाहनाचा स्वामी

संस्कृत शिकवितांना षष्ठी विभक्तीपाशीं आलों कीं मुलांना स्वस्वामिभाव समजावून सांगण्याचा प्रसंग येई. 'रामाचा घोडा' म्हटलें कीं राम हा स्वामी आणि घोडा हें त्याचें 'स्व', हें मुलांच्या चटकन् ध्यानांत येई. कारण घोडा कोणाच्या हांकेला ओ देतो हें पाहिलें म्हणजे तो कोणाचा, हें निराळें विचारावें लागत नाहीं. छत्तीस वर्षें हें उदाहरण मीं निःशंकपणें फळ्यावर लिहिलें. गेल्या तीन-चार वर्षांत मात्र एका मोटारगाडीच्या सहवासानें ह्या षष्ठीविषयीं माझ्या मनांत शंका उत्पन्न झाली आहे. गाडीच्या नोंदणीपत्रावर माझ्या धाकट्या बहिणीचें नांव आहे, किल्ली तिच्या देवघराच्या कोनाड्यांत असते, विम्याचे पैसे ती भरते; तथापि गाडी ओ देते ती दुसऱ्याच कोणाला.

ही गाडी माझ्या मेहुण्यांनीं २०१५ सालीं घेतली. भोसरीस त्यांचा लहानसा कारखाना होता. लेथवर दुसऱ्यांच्या यंत्रांचे सुटे भाग करून देण्यांत त्यांचा जन्म गेला. उतारवयांत एक तरी उंची जर्मन गाडी दाराशीं असावी ही त्यांची हौस, आणि ती त्यांनीं पुरी केली. गाडी करणाऱ्या कंपनीचें नांव मी येथें देत नाहीं. जें सांगणार आहें तें थोड्याफार फरकानें ह्या दर्जाच्या बहुतेक गाड्यांस लागू आहे. २०२१ मध्यें मेहुणे गेले. भाचा नोकरीनिमित्त परदेशीं असतो. गाडी विकून टाकावी असें सर्वांनीं बहिणीला सांगितलें, पण तिनें तें ऐकलें नाहीं. "दादा, त्यांच्या मागें एवढी एकच वस्तु हलतीबोलती राहिली आहे. ती तूं बंद पडूं देऊं नकोस," एवढेंच ती म्हणाली. परंतु ठेवींच्या व्याजावर चालणाऱ्या घराला कंपनीच्या वर्कशॉपचीं बिलें झेपणारीं नाहींत. म्हणून दर रविवारीं मी तिच्याकडे जातों आणि बाह्या सरसावतों.

बाह्या सरसावण्याचा तुम्हांला अधिकार काय, असें कोणी विचारील. माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची, आणि पुढें जें शिकलों तें संस्कृत. पण आमच्या पिढींतल्या मध्यमवर्गीय गृहस्थाला अर्धा मिस्त्री व्हावेंच लागे. स्कूटर सुरू होईना कीं ती एका बाजूला कलती करावी, प्लग काढून पॉलिशपेपरनें घासावा, फुंकर मारून पुन्हां बसवावा आणि किक मारावी, हा विधि संध्येइतकाच नित्याचा होता. पुढें मेहुण्यांनीं एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. तिचें १०८९ सीसीचें इंजिन म्हणजे उघडी पोथी. बॉनेट उचललें कीं कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, फॅनबेल्ट, रेडिएटर सारें समोर मांडलेलें, आणि फटींतून खालची जमीनहि दिसे. चार पाने, एक पक्कड आणि एक स्क्रू-ड्रायव्हर एवढ्या सामग्रीवर आम्ही सहकुटुंब पुण्याहून गुहागरपर्यंत गेलों आहोंत. कुंभार्ली घाटांत एका रात्रीं कार्ब्युरेटरचें जेट मेहुण्यांनीं तोंडानें फुंकून मोकळें केलें. "मास्तर, दिवा धरा," असें ते म्हणत, आणि मी दिवा धरीत असें. दिवा धरतां धरतां जें पाहिलें तेंच माझें भांडवल.

ह्या भांडवलावर नव्या गाडीचें बॉनेट उचललें, तों आंत इंजिन दिसलेंच नाहीं. काळ्या प्लास्टिकचें एक गुळगुळीत झांकण, त्यावर कंपनीचें चिन्ह, आणि यजमानासाठीं खुलीं अशीं दोन-तीन तोंडें. एकांत तेल ओतावें, दुसऱ्यांत कांच धुण्याचें पाणी भरावें. सभामंडपापर्यंत प्रवेश, गाभाऱ्यांत नाहीं, असा प्रकार. झांकण काढावें तर खालच्या बोल्टांचीं डोकीं नेहमींसारखीं षट्‌कोनी नाहींत. कांहींचा आकार चांदणीसारखा, तर कांहींच्या पोटांत बारा दांते. आमच्या घरच्या पान्यांचें त्यांच्याशीं जमेना, तेव्हां नवे पाने आणविले. बरें, काढलेला बोल्ट हातून निसटला तर तो जमिनीवर पडत नाहीं. इंजिनच्या खालीं प्लास्टिकचें भलें मोठें ताट बसविलेलें असतें. बोल्ट त्यांत कोठें तरी जाऊन बसतो, आणि तो काढावयाचा म्हणजे ताटाचे सारे स्क्रू काढणें आलें. पद्मिनीचा नट निदान पायाशीं येऊन पडत असे.

सर्वांत अधिक मला लागली ती तेलाच्या पट्टीची उणीव. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वीं ती पट्टी ओढून, जुन्या धोतराच्या तुकड्यानें पुसून, पुन्हां बुडवून, तेल दोन खुणांच्या मध्यें आहे ना हें मेहुणे स्वतः पाहत. ह्या गाडीला ती पट्टीच नाहीं. तेल किती आहे तें इंजिन तापल्यावर समोरचा पडदा सांगतो, आणि आपण त्यावर विश्वास ठेवावयाचा. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर प्रत्यक्ष प्रमाण गेलें आणि शब्दप्रमाण तेवढें उरलें.

न्यायशास्त्राची आठवण होण्याचा दुसराहि प्रसंग ह्याच गाडीनें आणला. पावसाळ्यांत ती महिनाभर उभी राहिली आणि बॅटरी उतरली. बॅटरी असते डिकींत. डिकी उघडते विजेवर. आणि वीज तर बॅटरींत! अन्योन्याश्रयाचें इतकें शुद्ध उदाहरण मला शिकवीत असतांना कधीं मिळालें नाहीं. ह्यांतून सुटकेची वाट आहे, पण ती माहितगारालाच सांपडावी. दूर-किल्लीच्या पोटांत एक बारीकशी धातूची किल्ली दडविलेली असते. तिनें चालकाचें दार उघडावें, आंतली कळ ओढून बॉनेट उघडावें, तेथें तांबड्या टोपणाखालीं बॅटरीकडे जाणारें एक टोंक असतें, त्याला शेजाऱ्याच्या गाडीची वीज द्यावी. मग डिकी उघडते. हें सारें मीं यथासांग केलें. जुनी बॅटरी काढली, तेवढ्याच क्षमतेची नवी बसविली, तिच्या वायूची नळीहि जागच्या जागीं जोडली. गाडी सुरू झाली. एवढ्यावर काम संपावयास हवें होतें.

तसें होत नाहीं. नवी बॅटरी आली आहे ही वार्ता गाडीच्या संगणकाला रीतसर कळवावी लागते, नाहीं तर तो नवीलाहि म्हातारी समजून त्याच बेतानें वीज भरीत राहतो. ह्या नोंदणीला मी बॅटरीची मुंज म्हणतों. मुंज लावणारा उपाध्याय मात्र हातांत यंत्र असलेलाच पाहिजे. आमच्या पेठेंतल्या, तीस वर्षें गाड्या उलगडलेल्या मेकॅनिकनें गाडी पाहिली आणि हात जोडले. "मास्तर, पाना लागेल तिथवर मी," तो म्हणाला. अखेर एक तरुण मुलगा आला. स्टीअरिंगच्या खालीं सोळा टोंकांची एक खोबण असते, तींत त्यानें आपलें यंत्र खुपसलें, पडद्यावर चार वेळां बोट टेंकलें, आणि दीड हजार रुपये घेऊन तो गेला. मुलगा सालस होता आणि त्यानें घेतलेले पैसे त्याच्या विद्येच्या मानानें अधिक नव्हते. मला बोचलें तें निराळेंच. बॅटरी बहिणीनें विकत घेतली, मीं बसविली. पण ती तेथें आहे हें मान्य करण्याचा अधिकार आम्हां दोघांनाहि नव्हता.

मागच्या चाकांच्या ब्रेक-पॅडांची कथा हीच. हँडब्रेक विजेचा असल्यामुळें त्याची पकड आधीं यंत्राच्या आज्ञेनें मागें घ्यावी लागते. हातानें ती मागें ढकलूं गेल्यास मोडण्याचा संभव. कांहीं गाड्यांत तर एक नियंत्रक भाग बिघडला आणि त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीचा आणून बसविला, तर कंपनीच्या दूरच्या संगणकाची अनुमति आल्यावांचून तो कामच करीत नाहीं. ह्या गाड्यांपैकीं मर्सिडीजची जुळणी आपल्या चाकणला होते, बीएमडब्ल्यूची चेन्नईजवळ, ऑडीची छत्रपति संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. जोडणारे हात इथलेच. उघडण्याची परवानगी मात्र इथल्या हातांना नाहीं, ह्याचें मला नवल वाटतें.

कंपन्यांची बाजू अगदींच लटकी आहे असें मी म्हणत नाहीं. अपघातांत फुगणाऱ्या पिशव्यांच्या मागें स्फोटक द्रव्य असतें. तेथें माझ्यासारख्यानें पक्कड घेऊन जाऊं नये हेंच बरें. सुटा भाग एकाच गाडीशीं बांधलेला असला म्हणजे चोराला तो विकतां येत नाहीं. खालच्या ताटानें वाऱ्याचा विरोध कमी होतो. संगणकाला बॅटरीचें वय ठाऊक असलें तर ती अधिक टिकते, हेंहि खरें. पण जी माहिती गाडीला आहे ती गाडीच्या धन्याला कां नसावी? चोराच्या भीतीनें कोठीला कुलूप लावावें हें ठीक. पण त्याची किल्ली घरच्या बाईपाशींहि राहूं नये?

घरच्या बाईचा उल्लेख सहज केला नाहीं. मोटारगाडीचा पहिला लांबचा प्रवास एका गृहिणीनें केला, आणि तो घरगुती दुरुस्तीच्या बळावर केला. १८८८ च्या ऑगस्टमध्यें बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगतां, त्यानेंच बनविलेली तीनचाकी गाडी घेऊन, आपल्या दोन मुलांसह मॅनहाइमहून माहेरीं फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरांवर. वाटेंत इंधन संपलें, तें तिनें वीसलोख गांवच्या औषधाच्या दुकानांतून घेतलें. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या लांब टांचणीनें मोकळी केली. तारेचें आवरण झिजलें तेथें पायमोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हां एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें, आणि त्यांतूनच पुढें ब्रेकच्या अस्तराची कल्पना रूढ झाली. ज्या देशांत हें घडलें त्याच देशाच्या गाडीपुढें आज माझी बहीण टांचणी घेऊन गेली, तर ती टांचणी लावण्याजोगी जागाच तिला दिसणार नाहीं.

हें गाऱ्हाणें माझ्या एकट्याचें नव्हे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें २०१२ मध्यें मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, आणि २०२० मध्यें तेथील मतदारांनीं मोठ्या बहुमतानें तो अधिक व्यापक केला. आपल्याकडे स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं १४ मोटार-कंपन्यांस मिळून २,५४४ कोटींहून अधिक रुपयांचा दंड सांगितला, तो ह्याचसाठीं कीं सुटे भाग आणि दोष ओळखण्याचीं साधनें स्वतंत्र मेकॅनिकांस मोकळेपणानें मिळत नव्हतीं. कंपन्यांनीं त्याविरुद्ध वरिष्ठांकडे दाद मागितली. २०२२ मध्यें केंद्राच्या ग्राहकव्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिति नेमली, तिच्या कक्षेंत मोटारीहि आहेत. पण समितीचें काम समितीच्या गतीनें चालणार, आणि बहिणीच्या गाडींतलें पाणी तर रोज गळत होतें.

त्या गळतीचें सांगावयाचें राहिलें. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेंत अंगठ्याएवढा एक प्लास्टिकचा सांधा असतो. वर्षानुवर्षें तापून निवून प्लास्टिक ठिसूळ होतें आणि तडकतें. कंपनीच्या वर्कशॉपांत चौकशी केली तेव्हां तेवढा सांधा सुटा मिळत नाहीं, नळ्यांसह सगळा संच बदलावा लागेल, असें सांगून त्यांनीं ब्याण्णव हजारांचा आंकडा हातीं दिला. बहिणीनें तो कागद घडी घालून पोथीखालीं ठेवला. तिच्या चार महिन्यांच्या व्याजाइतका तो आंकडा होता. गाडी विकण्याविषयीं त्या दिवशीं ती प्रथमच बोलली. तेंहि माझ्याकडे न पाहतां.

दुसऱ्या दिवशीं तो तडकलेला सांधा खिशांत घालून मी भोसरीस गेलों. मेहुण्यांच्या कारखान्यांतला एक जुना टर्नर आतां स्वतःचा लेथ चालवितो. त्यानें सांधा बोटांत फिरवून पाहिला, व्हर्नियर लावला, कागदावर पांच-सहा मापें लिहिलीं, आणि हातांतलें काम बाजूला ठेवून ॲल्युमिनियमच्या सळीचा एक तुकडा चकांत धरला. तासाभरांत तसाच सांधा तयार झाला. रबराच्या कड्यांच्या खांचा केंसाइतक्याहि चुकल्या नव्हत्या. "साहेबांच्या गाडीचं काम, मजुरी कसली, मास्तर?" तो म्हणाला. पुढल्या खेपेस बहिणीनें त्याला घरीं बोलावून जेवूं घातलें आणि पाकिटांत सहाशें रुपये घालून ते त्याला घ्यावयास लावले. तो खालीं उतरतांना गाडीपाशीं थांबला, बॉनेटवर नुसता हात ठेवला, आणि गेला.

ह्या गोष्टीला सहा महिने झाले. पाणी एक थेंब गळलेलें नाहीं. बहीण आठवड्यांतून एकदां स्वतः गाडी काढून मंडईपर्यंत जाऊन येते. तेथें उभी करावयास जागा मिळत नाहीं म्हणून भाजी न घेतांच परत येते, तो भाग वेगळा. आतां पडद्यावर मागच्या ब्रेकांची सूचना आली आहे. आणखी १,८०० किलोमीटर चालतील असें तो सांगतो, आणि मला तें मानणें भाग आहे. यंत्रवाल्या मुलाला येत्या रविवारीं बोलावलें आहे. हँडब्रेकला आज्ञा त्यानें द्यावी आणि पाना मीं फिरवावा, असें आमचें ठरलें आहे. पॅड आणून ठेवले आहेत. दिवा बहीण धरणार आहे.