मापकाची पारख
पणदऱ्याजवळच माळेगावचा सहकारी साखर कारखाना आहे. तेथे उसाचा रस आटवून केलेला पाक ‘पॅन’ नावाच्या बंद कढईत शिजवतात. आतील हवा काढून घेतल्यामुळे तो सुमारे ७० अंश सेल्सिअसलाच उकळतो व करपत नाही. पूर्वी जाणता कारागीर दोन बोटांत पाक धरून त्याची तार पाही. आता मापके उष्णता व दाब सांगतात; त्यांच्या इशाऱ्याने झडपा उघडतात, मिटतात. परंतु मापकच चुकले तर? झडपही चुकते आणि शेतकऱ्याच्या घामाची साखर काळवंडते! पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर-उद्योगातील या विद्येचे शिक्षण मिळते. मापकावर विसंबण्यापूर्वी त्याची पारख करावी, हाच या विद्येचा पहिला धडा होय.