पाठीवरचा वारा समोरून घेताना

नागावला फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दुपार कलली की खारे वारे वायव्येकडून जोर धरतात. अशा वेळी आक्षीच्या बाजूने चौल-रेवदंड्याकडे हायड्रोफॉइल, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर (फॉइलवर) उचलली जाणारी शिडाची नौका पळवायची, तर तिचं नाक कुठे धरावं? वारा पाठीशी आहे, मुक्काम पुढे आहे, मग सरळ जावं, असं कुणालाही वाटेल. मला हे उत्तर चुकीचं वाटतं. वारा थेट पाठीशी घेतला की नौकेचा वेग वाऱ्याच्या वेगापलीकडे जाऊ शकत नाही. १२ नॉटांच्या वाऱ्यात ती १० नॉटांनी पळू लागली, तर शिडाला उरतो फक्त २ नॉटांचा वारा. म्हणजे पळावं तितकं बळ घटत जातं. आता हीच नौका वाऱ्याच्या वाटेपासून ४० अंश बाजूला काढा. फॉइलवर उचलली गेल्यामुळे तिने २० नॉट गाठले असं धरू. वाट सुमारे ३१ टक्के लांबते, तरीही वाऱ्याच्या दिशेने खरी मजल पडते १५.३ नॉटांनी, म्हणजे वाऱ्यालाही मागे टाकून. शिवाय नौकेवर जाणवणारा वारा १३ नॉटांच्या थोडा वर जातो आणि तो पाठीमागून न येता नाकापासून ३५ अंशांवर, जवळजवळ समोरून येतो. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिकाज कप शर्यतीत ७२ फुटी कॅटामरान वाऱ्याबरोबर जाताना ४० नॉटांपलीकडे गेल्या, त्या याच रीतीने.

यावर कुणी विचारेल, मग या किनाऱ्यावरचे शिडाच्या मचव्यांचे तांडेल वारा पाठीवर घेऊन सरळ जात, ते काय अडाणी होते? मुळीच नाही. पाण्यात बसून चालणाऱ्या नौकेला तिनेच उठवलेली लाट अडवते. पाण्याशी टेकलेली लांबी ३६ फूट असेल तर वेग साधारण ८ नॉटांपाशी अडकतो. कोन घेऊन वेग फारसा वाढणारच नसेल तर वाट लांबवायची कशाला? तांडेलाचा हिशेब त्याच्या नौकेपुरता अचूक होता. फॉइलने ती लाटच हिशेबातून काढून टाकली, म्हणून उत्तर बदललं.

पण कोन एकदा ठरवला की काम झालं, असं नाही. खरी कसोटी झोताची आणि पडत्या वाऱ्याची. झोत आला की नौका आणखी वेगाने बाजूला पळवण्याचा मोह होतो, आणि वेगाचा आकडा पाहून बरंही वाटतं. मात्र तेव्हाच तिला १० अंश वाऱ्याबरोबर खाली सोडायला हवं. ३० अंशांवर १७.७ नॉट टिकले तरी मजल पहिल्याइतकीच पडते. झोतामुळे त्याहून जास्त टिकले तर तेवढा नफा. वारा पडू लागला की उलट करायचं. वेग घटण्याआधीच नाक वाऱ्याकडे वर काढायचं, म्हणजे समोरचा वारा हातातून सुटत नाही. उशीर महागात पडतो, कारण फॉइलची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की तेवढ्याच कोनाच्या फॉइलची उचल चौथ्या हिश्शावर येते, नौकेचं पोट पाण्याला टेकतं आणि पुन्हा उठेपर्यंत बाकीचे पुढे गेलेले असतात. फार उंच उडणंही वाईटच. फॉइल पृष्ठभागाजवळ आला की त्यावर हवा ओढली जाते आणि उचल एकदम नाहीशी होते. दुपारच्या आखूड, उभ्या लाटांत म्हणून मी कमाल वेगापेक्षा एकसारख्या उंचीला जास्त किंमत देतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप जाइबचा, म्हणजे पाठीवरचा वारा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घेण्याचा आहे. बाजू बदलताना वेग जातो, मग नागमोडी वाट परवडते कशी? जाइब फॉइलवरून न उतरता जमत नसेल तर ती खरंच परवडत नाही. मात्र जाइब किती करायचे हे आपल्या हातात असतं, आणि नागावचा किनाराच त्यात मदत करतो. तो साधारण दक्षिण-आग्नेयेकडे धावतो. वायव्येच्या वाऱ्यात वारा उजव्या खांद्यावरून घेतला, तर नौका किनाऱ्याला जवळजवळ समांतर, किंचित समुद्राकडे जाते. दुसऱ्या बाजूवर ती थेट वाळूकडे येते. म्हणून बाहेरचा टप्पा आतल्याच्या तिप्पट ठेवून, मध्ये एकच जाइब घेऊन रेवदंड्याची बाजू गाठता येते. आतला टप्पा आधी उरकावा की शेवटी, हे भरती सांगते. पुळणीचा उतार कमी असल्याने ओहोटीला उथळ पाणी दूरवर पसरतं आणि मीटरभर खाली गेलेल्या फॉइलला ते पुरत नाही. आणि पुढे जाळ्यांचे बोये दिसले, तर कोनाचा हिशेब बाजूला ठेवून बाहेरूनच वळसा घ्यायचा.