माळावरची नावं

चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर
रविवार

चि. भाचीस,


तुझं बिश्केकहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. कॉलेजचं, मेसचं, थंडीचं सगळं नीट कळवलंस. शेवटी मात्र लिहिलंस की शहर सोडलं की नुसता माळ आणि लांब डोंगर, बघण्यासारखं काही नाही. आज माझी रविवारची ड्युटी आहे. लॅबमध्ये नमुने लावून ठेवलेत आणि त्या एका ओळीला उत्तर लिहायला बसलोय, कारण 2001 साली इथे नोकरीला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तुझ्या आजीला हेच लिहिलं होतं.

डोळ्यांत गुहागरचा समुद्र घेऊन आलेल्या माणसाला इथे मोहोळ तालुक्यात काय दिसणार? मुरूम, बोरी-बाभळी आणि ऊन. पाऊस वर्षाला 550 मिलिमीटरच्या आसपास. वर्षभर कंपनीच्या बसने आलो-गेलो आणि खिडकीतून एकदाही नीट बाहेर पाहिलं नाही.

मग एका दिवाळीच्या सुमारास जेवणाच्या सुट्टीत कंपाउंडच्या बाहेरून चक्कर मारून आलो. मोजे कुसळांनी भरले होते. गेटवर बसून चिडून एकेक उपटत होतो. गेटवरचे काका जवळच्याच गावातले, धनगराच्या घरातले. त्यांनी त्यातलं एक कुसळ तळहातावर ठेवलं आणि बाटलीतलं थेंबभर पाणी त्यावर सोडलं. कुसळाच्या काळपट शेपटीला दोरीसारखा पीळ असतो. तो भिजला आणि हळूहळू उलगडायला लागला. घड्याळाच्या काट्यासारखं कुसळ हातावर फिरत होतं. "पाऊस पडला की असंच फिरत फिरत जमिनीत घुसतंय बघा सायेब. बी आपलं आपणच पेरतंय." मग उठून त्यांनी कुंपणाच्या कडेचं गवत दाखवलं. हा पवना, ही मारवेल, मारवेल जनावर आधी खातं. मी रसायनशास्त्राची पदवी घेतलेला माणूस, वर्षभर ज्याला नुसतं गवत म्हणत होतो त्यात तीन नावं निघाली. त्या दिवसापासून मला माळ दिसायला लागला.

इथून फार लांब नाही, बार्शी रस्त्यावर नान्नज आहे. तिथल्या माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं. एकदा पहाटे काकांच्या पाहुण्याबरोबर गेलो आणि धुक्यात तो पक्षी चालताना पाहिला. मीटरभर उंच, संथ, मान ताठ. मादी बहुतेक एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला. म्हणून त्याला मोकळा, लांबवर दिसणारा माळ लागतो. पण आपल्याकडे माळाला पडीक म्हणायची सवय. पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक मिळते. कुणी नांगरतं, कुणी विजेच्या तारा ओढतं, आणि चांगल्या हेतूने झाडं लावणाऱ्यांनीही माळढोकाची जागाच घेतली. आता तिथे लांडगे, काळवीट, धाविक दिसतात, पण माळढोक दिसणं फार दुर्मीळ झालंय. आमचे कारखानेही अशाच मुरमाड जमिनीवर उभे आहेत, माझा पगारही त्यातूनच येतो. ते मी विसरत नाही.

भाकरीचंही सांगतो. आपण भातखाऊ, मला सुरुवातीला ज्वारी उतरायची नाही. इथली मालदांडी ज्वारी रब्बीत काळ्या रानात पेरतात. परतीच्या पावसाची ओल जमीन धरून ठेवते आणि त्या ओलीवर, थंडीच्या दवावर पीक उभं राहतं. तिच्यातून निवडलेलं एम 35-1 हे वाण याच तालुक्यातल्या मोहोळचं. हे कळल्यापासून डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी वेगळ्या आदराने खातो.

माणसंही अशीच हळूहळू कळली. डिस्पॅचमधला माझा मित्र कंपनीत मराठी बोलतो, घरी तेलुगू. त्याचे आजोबा तेलंगणातून सोलापूरला माग चालवायला आले. आपल्याकडे नारळी पौर्णिमा म्हणजे समुद्र. इथे त्याच दिवशी त्यांच्या पद्मशाली समाजाचा मार्कंडेयाचा रथ निघतो. पहिल्यांदा सोलापूरच्या पूर्व भागात तो पाहायला गेलो तेव्हा मित्राच्या आईने मला बसवून जेवू घातलं, मी तेलुगूतला एक शब्दही न समजता पोटभर जेवलो. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघतात, तेव्हा कानडी आणि मराठी एकाच गर्दीत ऐकू येतात. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. गावाचं नाव ऐकावं तर कानडी, आणि तिथल्या देवळात शके 940 चा मराठी शिलालेख! त्या दगडावर हात ठेवला तेव्हा अंगावर काटा आला.

सोलापूरला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं जन्मघर स्मारक म्हणून जपलंय. 1938 साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. पथकातले बाकीचे परतले, ते राहिले. चिनी शिकले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं त्यात भारतही होता आणि चीनही. 1942 च्या डिसेंबरात गेले, वय अवघं 32. तूही डॉक्टर होणार आहेस म्हणून हे लिहितोय. परीक्षेपुरती रशियन येईलच तुला, पण बाजारातल्या आजीबाईंशी बोलण्यापुरती किरगीझ शीक.

तू म्हणतेस तो माळ रिकामा नसणार. तिथले मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन वर डोंगरकुरणांवर जातात. त्या कुरणांना ते जायलो म्हणतात ना? आमचे धनगर दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिथल्या झेंड्यावर सूर्याच्या मधोमध त्यांच्या गोल तंबूचं छतावरचं कडं आहे. ज्या देशाने आपल्या मेंढपाळाचं घर झेंड्यावर लावलं, तो तुला खोलीच्या खिडकीतून कसा दिसेल? सुट्टीत एखाद्या मैत्रिणीच्या गावी जा. घोडीचं दूध देतील, नाही म्हणू नकोस.

काकांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते यंदा कामावरून उतरतायत. त्यांनी तुला विचारायला सांगितलंय की तिकडची मेंढरं काळी असतात की पांढरी, रात्री कळपाभोवती वाघर कशाचं लावतात, आणि कुत्री किती ठेवतात. नीट बघून कळव. ते वाट बघतायत.

तुझा,
मामा