चौकटीतील पाठमोरी

नागपूरच्या महालातील एका वृद्ध चित्रकला-शिक्षकांपुढे विद्यार्थिनीने चौकटीतले चित्र ठेवले : पाठमोरी बसून धान्य पाखडणारी बाई, कोपऱ्यात अपरिचित सही. घरी पैशांची निकड होती.

गुरुजींनी चित्र आधी उलटे केले. किंमत विचारणाऱ्यास हे विचित्रच वाटावे. पण मागच्या हलक्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडू लागला होता. मग खांद्यापासून मनगटापर्यंत न अडखळता उतरलेली रेघ ते पाहत राहिले.

"बाजार नाव पाहतो, बाळ. चित्रकार गायतोंडे १९२४ साली याच नागपुरात जन्मले; त्यांचे एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३ कोटींहून अधिक रुपयांना गेले. या सहीला चौकटीचेही दाम येणार नाहीत. रेघ मात्र अस्सल आहे. ही कोण?"

"माझी आजी."

गुरुजींनी खिळे उपटण्यासाठी पकड मागितली. "पुठ्ठा आजच बदलू."